फुलीभोवतीचे वर्तुळ : पहिल्या पाचांच्या निवडीवरून झालेल्या वादाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्यातील एका बंदराच्या गावातील बास्केटबॉल मंडळात, सामना सुरू करणारे पहिले पाच खेळाडू कोण या प्रश्नावरून, हे प्रकरण घडले. कोकणात सांघिक खेळ म्हटला की कबड्डी आधी आठवते आणि ते स्वाभाविकच आहे; या गावातही दोन नावाजलेले कबड्डी संघ आहेत. बास्केटबॉल इथे रुजला तो हायस्कूलच्या एका क्रीडाशिक्षकांमुळे. त्यांनी शाळेच्या मागच्या आवारात, 28 मीटर लांब आणि 15 मीटर रुंद अशा पूर्ण मापाचे सिमेंटचे कोर्ट गावाच्या वर्गणीतून उभे केले आणि पुढे तेच मंडळाचे प्रशिक्षक झाले. जूनपासून सप्टेंबरपर्यंत या कोर्टवर शेवाळ धरते आणि खाऱ्या वाऱ्याने दोन्हीकडच्या रिंगा गंजतात. गणपती उठले की मुले ब्लीचिंग पावडर आणि खराटे घेऊन कोर्ट घासून काढतात, रिंगांना रंग लावतात आणि मग हंगाम सुरू होतो, तो पुढच्या मे महिन्यापर्यंत चालतो.

मी या मंडळाचा गुणलेखक आहे. सामन्याच्या वेळी टेबलाशी बसून स्कोअरशीट भरणे हे माझे काम, आणि कार्यकारिणीचा सदस्य या नात्याने इथे वर्णन केलेल्या बहुतेक बैठकांना मी हजर होतो. गावाचे आणि व्यक्तींचे नाव मुद्दाम दिलेले नाही. खेळाडू त्यांच्या पाठीवरच्या नंबरांनी ओळखले जातील. पूर्वीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत 4 ते 15 हेच नंबर असत, आमच्या मंडळाने ती पद्धत अजून सोडलेली नाही, आणि गावातही या मुलांना त्यांच्या नंबरांनीच हाक मारली जाते.

चार नंबर हा संघाचा कर्णधार आणि पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे नेऊन चाल रचणारा, वय 36, व्यवसायाने वायरमन. शाळेत असताना प्रशिक्षकांनीच त्याच्या हातात चेंडू दिला होता. अकरा नंबर हाही गार्ड, वय 20. त्याचे वडील मुंबईला नोकरीत होते; 2020 च्या टाळेबंदीत कुटुंब गावच्या घरी परत आले आणि इथेच राहिले. हा मुलगा मुंबईत बास्केटबॉलसाठी प्रसिद्ध असलेल्या नागपाड्यात खेळायला शिकलेला होता. ज्यांना मुंबईचे बास्केटबॉल ठाऊक आहे त्यांना नागपाड्याच्या कोर्टांवर शिकणे म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. तिसरा, या वादात ज्याचे नाव फारसे कोणी घेतले नाही पण ज्याच्यावर सगळे अवलंबून होते, तो नऊ नंबर, म्हणजे आमचा सर्वांत उंच खेळाडू आणि सेंटर, रिंगजवळ खेळणारा. तो ट्रॉलरवर खलाशी आहे.

प्रश्न कसा उभा राहिला

मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर झालेल्या एका निमंत्रितांच्या स्पर्धेत आमचा संघ उपांत्य सामन्यात हरला. मध्यंतराला आम्ही पुढे होतो. चौथ्या क्वार्टरमध्ये, म्हणजे शेवटच्या दहा मिनिटांत, प्रतिस्पर्ध्यांनी पूर्ण कोर्टवर प्रेस लावला, म्हणजे चेंडू पुढे आणतानाच अंगावर येऊन अडवायला सुरुवात केली, आणि चेंडू 8 सेकंदांत मध्यरेषेपलीकडे नेण्याचा जो नियम आहे तो चार नंबरला दोनदा पाळता आला नाही. दोन्ही वेळा चेंडू समोरच्यांना मिळाला, दोन्ही वेळा त्यांनी त्यावर बास्केट केली, आणि सामना हातातून गेला. अकरा नंबर त्या वेळी बाहेर बसलेला होता.

गावाने त्या दोन चुका पाहिल्या आणि पावसाळाभर त्यांचीच उजळणी केली. पुढच्या हंगामात पहिल्या पाचांत कोण उतरणार, हा प्रश्न आधी जेटीवर आणि मग सलूनमध्ये, किराणा दुकानात, एस.टी.च्या थांब्यावर पोहोचला. त्यातून दोन बाजू तयार झाल्या. बंदरावरची माणसे बहुतेक चार नंबरच्या बाजूची होती, कारण तो त्यांच्या वाडीतला. बाजारपेठेतली माणसे अकरा नंबरच्या बाजूची. ही विभागणी पूर्णपणे वाडीनुसार होती असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल, कारण दोन्हीकडे खेळ कळणारी माणसे होती आणि त्यांचे मुद्दे ऐकण्यासारखे होते. चार नंबर प्रत्येक सहकाऱ्याची आवडती जागा ओळखतो, सामना सुरू होताना संघाचा श्वास त्याच्यामुळे स्थिर राहतो आणि पहिली पाच मिनिटे चेंडू वाया जात नाही, असे एक बाजू सांगत होती. अकरा नंबर दोन बचावपटूंच्या मधून ड्रिबल करत निघतो, 6.75 मीटरच्या रेषेबाहेरून, जिथून बास्केटला तीन गुण मिळतात, त्याचा नेम चांगला आहे, आणि ज्या प्रेसने आपण हरलो तो मोडू शकणारा आपल्याकडे तो एकटाच आहे, असे दुसरी बाजू सांगत होती.

गणपतीला चाकरमानी आले तेव्हा या वादाला वेगळे बळ मिळाले. रात्री भजने आटोपली की ओटीवर हाच विषय निघे, आणि मुंबईहून आलेली तरुण मुले अमेरिकेतल्या एन.बी.ए. या व्यावसायिक स्पर्धेचे दाखले देत. त्यांतला एक दाखला दोन्ही बाजूंनी वापरला, म्हणून तो इथे नोंदवतो. 2015 च्या अंतिम मालिकेत गोल्डन स्टेट वॉरियर्स क्लीव्हलँडविरुद्ध 2-1 असे मागे पडले होते. चौथ्या सामन्यात प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी अँड्र्यू बोगट या उंच सेंटरला बसवले आणि आंद्रे इग्वोडालाला सुरुवातीपासून उतरवले. त्या मोसमाच्या साखळीत इग्वोडाला एकाही सामन्यात पहिल्या पाचांत नव्हता. वॉरियर्सनी पुढचे तिन्ही सामने जिंकले आणि अंतिम मालिकेचा सर्वोत्तम खेळाडू इग्वोडालाच ठरला. बाजारपेठेचे म्हणणे, बघा, बदल केला म्हणून जिंकले. बंदराचे म्हणणे, बघा, वर्षभर बाहेर बसूनही त्याचे मोल कमी झाले नाही, तेव्हा तुमच्या मुलाने बसायला हरकत काय? दाखला एकच, आणि त्यातून निघालेले निष्कर्ष एकमेकांच्या विरुद्ध. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटले की हा वाद खेळाच्या माहितीने मिटणारा नाही.

तो कशाचा होता हे मला पुढे स्कोअरशीट भरताना उमगले. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे सामना सुरू होण्याच्या निदान 10 मिनिटे आधी प्रशिक्षकाने पहिले पाच निश्चित करून द्यायचे असतात. त्या पाचांच्या नंबरांसमोर लहानशी फुली मारली जाते आणि सामना सुरू होताना गुणलेखक त्या फुलीभोवती वर्तुळ काढतो. नंतर बदली म्हणून येणाऱ्याला नुसती फुली मिळते, वर्तुळ नाही. कागदावर एवढाच फरक आहे. पण शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी पहिल्यांदा कोणाच्या खांद्यावर चढायची, नारळ आधी कोणाच्या हाती द्यायचा, हे जिथे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते आणि त्यात चूक झाली तर उत्सव थांबतो, त्या मुलखात या वर्तुळाला मानाचे रूप यावे यात मला आश्चर्य वाटत नाही. चार नंबर गेली अनेक वर्षे त्या वर्तुळाचा मानकरी होता. बाजारपेठेला ते आपल्या मुलासाठी हवे होते. 40 मिनिटांपैकी कोण किती खेळणार आणि शेवटची 5 मिनिटे कोर्टवर कोण असणार, हा खरा महत्त्वाचा प्रश्न त्या सगळ्या दिवसांत एकदाही कोणी विचारला नाही.

यात पैशाचीही बाजू होती. बाजारपेठेतील एका देणगीदाराने, जो संघाच्या प्रवासाचा मोठा भाग उचलत असे, अकरा नंबर सुरुवातीला उतरणार असेल तरच यंदा वर्गणी देईन असे कार्यकारिणीला कळवले. त्याच आठवड्यात चार नंबरने कोर्ट घासायला येणे बंद केले. रागावलो असे तो कोणाला म्हणाला नाही, पण जो माणूस दरवर्षी पहिला खराटा हातात घेत असे तो आठ दिवस फिरकला नाही, यातून सगळ्यांना जे समजायचे ते समजले.

समोर असलेले पर्याय

सप्टेंबरअखेरीस कार्यकारिणीची बैठक झाली. आहे तसेच चालू ठेवावे, हा पहिला विचार. त्याचा फायदा एवढाच की कोणी दुखावला जाणार नव्हता. म्हणजे बंदरावर कोणी दुखावला जाणार नव्हता. प्रेसपुढे संघ कोलमडतो हे दुखणे त्यात तसेच राहत होते. अदलाबदलीचा, म्हणजे एका सामन्यात हा आणि दुसऱ्यात तो, असा पर्याय खजिनदारांनी मांडला. तो न्याय्य दिसतो, पण गार्ड हा संघाच्या हालचालींचा सूत्रधार असतो आणि बाकीच्या चौघांना दर सामन्याला नव्या माणसाच्या चालीने खेळावे लागले तर कोणाशीच जमत नाही, असे सांगून प्रशिक्षकांनी तो बाजूला ठेवला. ते बरोबरच होते.

दोघांनाही एकदम उतरवण्याचा पर्याय सर्वांना आकर्षक वाटला, कारण त्यात दोन्ही वाड्या खूश होत होत्या. मात्र त्यासाठी दुसऱ्या उंच फॉरवर्डला बसवावे लागले असते, आणि मग रिबाउंडची, म्हणजे नेम हुकून परत आलेला चेंडू पकडण्याची, सगळी जबाबदारी एकट्या नऊ नंबरवर आली असती. तो पहिल्या दहा मिनिटांतच दमला किंवा त्याचे दोन फाउल झाले, तर पुढे काय? आपल्या नियमांत पाचव्या फाउलला खेळाडू बाहेर जातो; एन.बी.ए.त तो सहाव्या फाउलला बाहेर जातो आणि सामनाही 48 मिनिटांचा असतो, त्यामुळे तिकडचा हिशेब इकडे जसाच्या तसा लागू होत नाही.

चौथा पर्याय मतदानाचा होता आणि तो मी मांडला होता. सभासदांनी हात वर करून ठरवावे, म्हणजे कोणा एकावर बोट राहणार नाही, असे मला मनापासून वाटत होते. प्रशिक्षकांनी त्याला स्पष्ट नकार दिला. उद्या संघ हरला तर मतदान केलेल्या माणसांना मी कोर्टवर उतरवू शकत नाही, आणि ज्या मुलाच्या विरुद्ध गावाने हात वर केले त्याला पुन्हा उभा करायला मला दोन वर्षे लागतील, असे ते म्हणाले. आज मागे वळून पाहताना, या संपूर्ण प्रकरणातला सर्वांत मोठा अनर्थ त्या नकाराने टळला असे माझे मत आहे.

शेवटी अकरा नंबरने सुरुवात करावी आणि चार नंबरने बदली म्हणून यावे, हा पर्याय उरला. पण प्रशिक्षकांना त्याबद्दलही खात्री नव्हती. त्यांनी मला विचारले की गेल्या हंगामाच्या नोंदींतून काही दिसते का.

वहीत काय दिसले

स्कोअरशीटवरून हे समजत नाही. तिच्यात कोण कधीतरी कोर्टवर आला एवढे फुलीने कळते. तो कोणत्या मिनिटाला आला, कधी बाहेर गेला, पुन्हा कधी आला, याची नोंद नसते. सुदैवाने मी काही वर्षांपासून एक साधी दोनशेपानी वही ठेवतो आणि प्रत्येक बदलाच्या वेळी घड्याळातली वेळ व गुणफलक तिच्यात लिहून घेतो. गेल्या हंगामातील नऊ सामन्यांच्या पूर्ण नोंदी तिच्यात होत्या. एखादा खेळाडू कोर्टवर असताना संघाने किती गुण मिळवले आणि किती दिले, यांची वजाबाकी त्यावरून करता येते.

दोन रात्री बसून मी ती केली. पहिल्या क्वार्टरअखेर नऊपैकी सहा सामन्यांत आम्ही पुढे होतो. म्हणजे चार नंबरची सुरुवात हा आमचा दोष नव्हताच. आघाडी जात होती ती दुसऱ्या क्वार्टरच्या मध्यावर आणि चौथ्याच्या अखेरीस. दुसऱ्या क्वार्टरमध्ये चार नंबरबरोबर नऊ नंबरही विश्रांतीला जात असे आणि अकरा नंबर कोर्टवर असे तो राखीव सेंटरच्या सोबतीने. शेवटी चार नंबर परत येई, पण तोवर त्याचे पाय गळलेले असत. आणि जी गोष्ट पाहून मी खजिनदारांना रात्री साडेदहाला फोन केला ती ही, की अकरा नंबर आणि नऊ नंबर एकत्र कोर्टवर असल्याची सगळी मिनिटे मिळून एक सामनासुद्धा भरत नव्हता. ज्या जोडीला एकत्र खेळताना कोणी नीट पाहिलेलेच नव्हते, तिच्याबद्दल सगळे गाव चार महिने भांडत होते.

इथे एक सावधगिरी नोंदवणे आवश्यक आहे. अशी वजाबाकी एकट्या खेळाडूचे माप नसते. सोबतचे चौघे आणि समोरचे पाच कोण होते यावर ती खूप अवलंबून असते, आणि थोड्या मिनिटांवरून काढलेला आकडा फसवा असतो. म्हणून प्रशिक्षकांनी माझी वही पुरावा म्हणून कोणालाही दाखवली नाही. तिच्यावरून त्यांनी एवढेच ठरवले की अकरा आणि नऊ यांना एकत्र खेळवून पाहायचे.

कृती

हे सोपे नव्हते, कारण नऊ नंबरचे वेळापत्रक समुद्र ठरवतो. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते तेव्हा तो मोकळा असतो, पण नेमके तेव्हा कोर्टवर पाय ठरत नाही. आणि कोर्ट तयार होते तेव्हा तो ट्रॉलरवर असतो. ऑक्टोबरात वादळाची सूचना आली, बंदरात तीन नंबरचा बावटा लागला आणि सगळ्या होड्या नांगरून पडल्या. वारा सुटला होता, पण पाऊस नव्हता. त्या तीन संध्याकाळी प्रशिक्षकांनी सराव सामने लावले. नऊ नंबर स्क्रीन लावून, म्हणजे बचावपटूची वाट अडवून, उभा राहायचा, अकरा नंबर त्याच्या खांद्याला घासून आत शिरायचा, बचावपटू मागे धावला की नऊ नंबर रिंगकडे वळायचा आणि पास अचूक त्याच्या हातात यायचा. दुसऱ्या दिवशी चार नंबर आला. बोलावले नसताना आला, आणि समोरच्या संघात खेळला. अकरा नंबरच्या अंगावर चिकटून त्याने त्याला दोनदा चेंडू गमवायला लावला. तो पाहण्यासारखा खेळ होता.

प्रशिक्षकांनी निर्णय घेतला तो असा. अकरा नंबर सुरुवात करील, नऊ नंबर असेल तेव्हा या जोडीला पहिली सहा-सात मिनिटे एकत्र दिली जातील, त्यानंतर चार नंबर येईल, दुसऱ्या क्वार्टरची धुरा तो वाहील आणि चौथ्या क्वार्टरच्या अखेरीस दोघेही कोर्टवर असतील. कर्णधारपद चार नंबरकडेच राहील. कर्णधाराने पहिल्या पाचांत असलेच पाहिजे असे नियम सांगत नाहीत. सुरुवातीचा तिढा सुटताना शेवटच्या पाच मिनिटांचा विचार प्रथमच झाला, आणि मला हा निर्णय त्या वेळीही पटला होता, आजही पटतो.

तो पोहोचवण्यात मात्र आमच्याकडून गंभीर चूक झाली. कार्यकारिणीला निर्णय शुक्रवारी रात्री सांगितला गेला. प्रशिक्षक चार नंबरशी रविवारी सरावानंतर निवांत बोलणार होते. मधल्या शनिवारी कार्यकारिणीतल्या एकाने, वर्गणी सुटावी या चांगल्या हेतूने, त्या देणगीदाराच्या कानावर गोष्ट घातली. शनिवारी दुपारी होड्या लागल्या तेव्हा जेटीवर मासे घ्यायला गेलेल्या चार नंबरला ती एका गिऱ्हाइकाच्या तोंडून कळली. तो त्याच संध्याकाळी प्रशिक्षकांच्या घरी गेला. मी तिथे होतो.

“सर, बाहेर बसायचं मला दुःख नाही. पण तुम्ही मला शाळेत असल्यापासून ओळखता आणि मला हे जेटीवर कळतं, ते मला लागलं.”

प्रशिक्षकांनी कोणतीही सबब सांगितली नाही. “चूक माझी आहे. तुला आधी सांगायला हवं होतं. रविवारपर्यंत थांबायला नको होतं,” एवढेच ते म्हणाले. मग बराच वेळ कोणी बोलले नाही. वहिनींनी चहा आणला, तो निवून गेला. त्यानंतर प्रशिक्षकांनी त्याला मनू जिनोबिलीबद्दल सांगितले. सॅन अँटोनिओ स्पर्सचा हा अर्जेंटिनाचा गार्ड कारकिर्दीतले बहुतेक सामने बदली म्हणून उतरून खेळला, 2008 मध्ये त्याला सर्वोत्तम सहाव्या खेळाडूचा, म्हणजे बदली म्हणून उतरणाऱ्यांतल्या सर्वोत्तमाचा, पुरस्कार मिळाला, चार अजिंक्यपदे त्याच्या संघाने जिंकली आणि 2022 मध्ये हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला. चार नंबरने ते शांतपणे ऐकले आणि विचारले, “शेवटची पाच मिनिटं मी असणार ना?” “असणार,” प्रशिक्षक म्हणाले. माझ्या समजुतीप्रमाणे त्याला जिनोबिलीच्या गोष्टीपेक्षा या एका शब्दाने अधिक धीर मिळाला.

निष्पत्ती

डिसेंबरातल्या पहिल्या स्पर्धेत आम्ही पहिलाच सामना हरलो. अकरा नंबरने पहिल्या चार मिनिटांत दोन फाउल केले, तो बाहेर आला आणि संघ विस्कळीत झाला. बंदरावर त्या रात्री जे बोलले गेले ते इथे लिहिण्याचे कारण नाही; मुलाच्या वडिलांनी ते ऐकले आणि पुन्हा मुंबईला जाण्याचा विचार बोलून दाखवला, एवढे नोंदवणे पुरेसे आहे. प्रशिक्षकांनी योजना बदलली नाही. एका सामन्यावरून परत फिरलो तर दोघांचाही विश्वास जाईल, असे त्यांचे म्हणणे होते, आणि इथे दबाव सर्वांत जास्त असताना ते ठाम राहिले.

जानेवारीपासून फरक दिसू लागला. चार नंबर बाकावर बसून पहिली सहा मिनिटे समोरच्यांचा डिफेन्स न्याहाळायचा आणि आत जाण्यापूर्वी अकरा नंबरला दोन वाक्ये सांगून जायचा. ती दोन वाक्ये मला टेबलावरून ऐकू येत. “डावीकडचा तुझ्या हातावर येतो, पायावर नाही,” अशी ती असत. शेवटच्या मिनिटांत प्रेस लागला की दोन गार्ड असल्यामुळे चेंडू एकाकडून दुसऱ्याकडे जाई, आणि 8 सेकंदांची चूक त्या हंगामात माझ्या वहीत फक्त एकदा लिहिली गेली.

निकाल मात्र फार बदलले नाहीत. नऊ नंबर चार सामन्यांना येऊ शकला नाही, कारण मासळी लागली होती, आणि तो नसताना ती जोडीच नव्हती. एप्रिलमध्ये आंब्याच्या कामामुळे दोन राखीव खेळाडू बागांत अडकले. मेमधल्या त्याच स्पर्धेत आम्ही पुन्हा उपांत्य फेरीत हरलो, या वेळी दोन गुणांनी, आणि शेवटचा थ्री पॉइंटर अकरा नंबरचा होता, तो रिंगवर फिरून बाहेर पडला. देणगीदाराने वर्गणी दिली, पण निर्णय आपल्यामुळे झाला असे तो बोलू लागल्यावर कार्यकारिणीने ती परत केली. प्रवासाचा खर्च मुंबईतल्या चाकरमान्यांनी उचलला. हे मला फार मोठे वाटते.

वेगळे काय करता आले असते

चार नंबरला आधी सांगणे, ही गोष्ट तर उघडच आहे. निर्णय झाला त्या रात्रीच, कार्यकारिणीच्याही आधी, त्याच्या घरी जाऊन सांगायला हवे होते. गावात गोष्ट दोन दिवस गुप्त राहील असे आम्ही कशाच्या आधारावर धरले, हे मला अजून कळलेले नाही.

त्याहून मागे जायचे तर, मे महिन्यातल्या पराभवानंतर लगेच, लोकांच्या मनात त्या दोन चुका पक्क्या होण्याआधी, मी वही उघडायला हवी होती. ती माझ्या कपाटात पावसाळाभर पडून होती. आघाडी दुसऱ्या क्वार्टरमध्येच निसटते हे जूनमध्ये बोलले गेले असते, तर वादाला निदान एक खरा विषय मिळाला असता. आकडे लोकांना दाखवू नयेत, हे प्रशिक्षकांचे मत मी मान्य केले होते, पण त्याबद्दल माझे मन आजही पूर्ण वळलेले नाही. अपुऱ्या नोंदी चुकीच्या हाती गेल्या तर त्यांचा शस्त्रासारखा वापर होतो हे खरे. पण काहीच न दाखवल्यामुळे ज्याने त्याने आपल्या आठवणीलाच पुरावा मानले, हेही तितकेच खरे आहे. कदाचित दोन्ही बाजूंच्या जाणत्या माणसांना, चार-पाच जणांनाच, वही मांडून दाखवता आली असती.

देणगीदाराची अट आली त्याच दिवशी नाकारायला हवी होती. ती न नाकारता आम्ही महिनाभर लोंबकळत ठेवली, त्यामुळे पुढे घेतलेला निर्णय खेळाच्या आधारावर असूनही बंदरावर तो विकत घेतलेला वाटला, आणि तो संशय पैसे परत केल्यानंतरही काही घरांत टिकून आहे.

अकरा नंबरच्या बाजूने मात्र कोणीच विचार केला नाही, याची मला सर्वांत जास्त खंत आहे. सगळे लक्ष ज्याचे वर्तुळ जाणार होते त्याच्या मनाकडे होते. ज्याला ते मिळणार होते तो वीस वर्षांचा मुलगा, चार वर्षांनंतरही ज्याला अर्धे गाव ‘मुंबईचा’ म्हणते, पहिल्या सामन्यात कोणत्या ओझ्याखाली उतरला असेल, हे त्याचे दोन फाउल होईपर्यंत आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आले नाही. घरच्या कोर्टवरच्या दोन-तीन मैत्रीपूर्ण सामन्यांत, माणसे कमी असताना, त्याला आधी सुरुवात करू देता आली असती.

यंदा त्याची पदविका पूर्ण झाली आणि त्याला पुण्याला नोकरी लागली, त्यामुळे पहिल्या पाचांत कोण, हा प्रश्न पुन्हा उभा आहे. सप्टेंबरच्या बैठकीत चार नंबरने शाळेतल्या एका अकरावीच्या मुलाचे नाव सुचवले आणि, त्याला कळवायला मीच जातो, असे सांगून तो बैठक संपण्याआधी उठला.